०.८ सेकंदाचं भांडण

पत्र थोडक्यात असं:

"काका, सा. न. आम्ही दोघे भाऊ, राहणार सुदामा नगर, इंदूर. बाबांनी पीथमपूरला मशीनिंगचं वर्कशॉप काढलं, ते आता आम्ही चालवतो. गेली तीन-चार वर्षं बरी गेली. घरात इनोव्हा आहेच. आता हौसेची एक गाडी घ्यायची, जुनी का होईना. मला बीएमडब्ल्यू एम-टू हवी, २०२३ ची, ऑटोमॅटिक, ४६० हॉर्सपॉवर. दादाचं मन मुंबईच्या एका पोर्शे ७१८ केमनवर बसलंय, २०१८ ची, ३०० हॉर्सपॉवर. मी वाचलं त्याप्रमाणे शून्य ते शंभर एम-टूला ४.१ सेकंद लागतात, केमनला ४.९. दादा म्हणतो ४.७. त्याचा मित्र म्हणतो ५.१. आणि वर दादाचं ठाम मत की रस्त्यावर केमनच पुढे राहील. एजंट केमन आठ दिवसांसाठी इंदूरला आणतोय, आणि एम-टू माझ्या मित्राच्या मामांकडे आहे. एका रविवारी पहाटे पाचला सुपर कॉरिडॉरवर दोन्ही शेजारी-शेजारी लावून सोक्षमोक्ष लावावा असं ठरतंय. खरी फास्ट कोणती? आणि टेस्ट नीट कशी घ्यायची? आपला, धाकटा."

धाकट्या,

काका म्हणालास, म्हणून 'तू'च म्हणतो. पहिल्या प्रश्नाचं उत्तर आधीच देऊन टाकतो, उगाच जीव टांगणीला नको. सरळ रस्त्यावर एम-टू पुढे. शून्य ते शंभरला पुढे, आणि शंभरच्या वर तर आणखीच पुढे. दादाने पैज लावली असेल तर त्याला सांग, भिया, थंडीत सराफ्यात गराडू खाऊ घाल आणि मोकळा हो.

पण एवढं वाचून पान मिटू नकोस. तुझ्या पत्रात दोन घोळ आहेत. एक आकड्यांचा, तो मजेचा आहे. दुसरा सुपर कॉरिडॉरचा, त्यात मजा काही नाही.

आकड्यांचा घोळ असा, की तू, दादा आणि त्याचा मित्र, तिघेही खरं बोलताय. ३०० घोड्यांच्या त्या केमनचे कंपनीनेच तीन आकडे दिलेत. हाताने गिअर टाकायची असेल तर ५.१. पीडीके, म्हणजे दोन क्लचची ऑटोमॅटिक असेल तर ४.९. आणि पीडीकेबरोबर स्पोर्ट क्रोनो नावाचं पॅकेज घेतलेलं असेल तर ४.७, कारण त्यात लाँच कंट्रोल येतं. डाव्या पायाने ब्रेक दाबून धरायचा, उजव्याने ॲक्सिलरेटर तळापर्यंत, इंजिन एका ठरावीक फेऱ्यांवर फिरत राहतं, ब्रेक सोडला की गाडी सुटते. तुमच्यासमोर येणारी गाडी यातली कोणती, ते स्टिअरिंगवर बघ. उजव्या हाताशी छोटी गोल चकती असेल, फिरवून मोड बदलायची, तर स्पोर्ट क्रोनो आहे आणि दादा बरोबर. नसेल तर तू बरोबर. मित्र बरोबर ठरेल तो गाडी हाताने गिअर टाकायची निघाली तरच.

एम-टूचंही तसंच. मॅन्युअलला ४.३, ऑटोमॅटिकला ४.१. नंतर कंपनीने तिला ४८० हॉर्सपॉवर केली, तेव्हा ऑटोमॅटिकचे ४.० झाले. त्यामुळे "एम-टूला किती लागतात" या प्रश्नाला उत्तरच नाही, "कुठल्या एम-टूला" हे आधी ठरवावं लागतं. त्यात तू जर अमेरिकेतले आकडे वाचत असशील तर गोंधळ आणखी वाढेल. त्यांचं शून्य ते साठ हे मैलांत असतं, म्हणजे साडेशहाण्णव किलोमीटर, शंभर नव्हेच. शिवाय तिथली मासिकं ड्रॅग रेसची पद्धत पाळतात: गाडी पहिला एक फूट सरकली की मग घड्याळ सुरू. त्या एका फुटात पाव सेकंदाच्या आसपास वाचतो. आपल्याकडे कोणी धावण्याच्या शर्यतीत म्हणालं की मी एक पाऊल टाकल्यावर शिटी वाजवा, तर त्याला हसून परत पाठवू.

आता हे ०.८ सेकंद म्हणजे नेमकं केवढं, ते डोळ्यासमोर आणू. हिशोब सोपा ठेवायला वेग एकसारखा वाढतो असं धरतो. खऱ्यात तो सुरुवातीला जास्त आणि नंतर कमी वाढतो, पण अंदाजाला पुरे. एम-टू शंभरला पोचते तेव्हा ती सुटल्या जागेपासून साधारण ५७ मीटरवर असते. त्या क्षणी केमन ४८ मीटरवर, आणि तिचा काटा ८४ च्या आसपास. म्हणजे अंतर नऊ मीटर. एम-टूची लांबी ४.६ मीटरच्या जवळपास आहे, तेव्हा दोन गाड्या एकामागे एक उभ्या राहतील एवढी ती पुढे. तुम्हा दोघा भावांमध्ये जेवणाच्या ताटावर चाललेलं भांडण हे एवढ्या नऊ मीटरचं आहे.

हा फरक येतो कुठून तेही बघ. ४६० आणि ३०० ऐकलं की वाटतं, दीडपट ताकद, म्हणजे दीडपट वेग. पण एम-टू १,७०० किलोच्या घरात आहे आणि पीडीकेवाली केमन १,३६५. (वजन बघताना जपून. कुणी ७५ किलोचा ड्रायव्हर धरून वजन छापतो, कुणी न धरता. मी दोन्ही ठिकाणी न धरता घेतलंय.) टनामागे घोडे काढले तर एम-टूला सुमारे २७०, केमनला २२०. दीडपटीचा फरक झटकन तेवीस टक्क्यांवर आला. ४.१ आणि ४.९ मधला फरक काढून बघ, वीस टक्क्यांच्या आसपासच येतो. कंपन्या थापा मारत नाहीत याची ही घरच्या घरी होणारी पडताळणी. आणि तुम्ही दोघे पोहे-जलेबी खाऊन एकाच गाडीत बसलात, म्हणजे दीडशे किलो आणखी, तर हलक्या केमनला तो भार जास्त जाणवतो.

घोड्यांच्या आकड्यांचं वेड इंदूरला नवीन नाही म्हणा. इथले महाराज दुसऱ्या यशवंतराव होळकरांकडे एक ड्यूसनबर्ग एसजे होती, १९३५ ची, सुपरचार्जर लावलेली, बॉडी लंडनच्या गर्नी नटिंगने बांधलेली. सरळ ओळीत आठ सिलिंडर, जवळजवळ सात लिटरचं इंजिन, आणि कंपनी सांगायची ३२० हॉर्सपॉवर. दादाच्या केमनमध्ये दोन लिटर आणि चार सिलिंडर, त्यातून ३०० निघतात. ड्यूसनबर्गच्या त्या ३२० वर आजही जुन्या गाड्यांचे शौकीन वाद घालतात. तुम्ही दोघे त्यांच्यात शोभाल.

आता दादाची बाजू. "रस्त्यावर माझीच पुढे राहील" हे त्याचं म्हणणं अगदीच हवेतलं नाही. एम-टूचं इंजिन ५५० न्यूटन-मीटर टॉर्क, म्हणजे चाकं फिरवायचा जोर देतं, आणि तो मिनिटाला २,६५० फेऱ्यांपासूनच पुरा हजर असतो. हे सगळं फक्त मागच्या दोन चाकांवर. इंजिन पुढे असल्यामुळे वजन पुढे-मागे जवळजवळ निम्मं-निम्मं. केमनचं इंजिन सीटच्या पाठीमागे, म्हणून निम्म्याहून जास्त वजन आधीच मागच्या चाकांवर बसलेलं, आणि टॉर्क ३८० न्यूटन-मीटर. बैल दमदार आहे, पण खूर जमिनीत रुतले पाहिजेत ना. टायर गार, रस्त्यावर बारीक धूळ, चालवणारा नवखा, असं असेल तर एम-टू पहिल्या वीस-पंचवीस मीटरमध्ये चाकं फिरवत बसेल, किंवा तिचा कॉम्प्युटर ताकद छाटत बसेल, आणि केमन गुपचूप निघून जाईल. मग दुसऱ्या-तिसऱ्या गिअरला एम-टू तिला गाठेल आणि मागे टाकेल. शून्य ते शंभर हा आकडा गाडीइतकाच टायरचा, रस्त्याचा आणि उजव्या पायाचा असतो. दोन्ही गाड्या चालत्या ठेवून साठपासून पुढे दाबल्या असत्या तर दादाला बोलायला जागाच उरली नसती.

तुझी पहाटेची वेळ मला म्हणूनच गंमतशीर वाटली. पहाटेची गार हवा इंजिनाला मानवते, टायरला नाही. डिसेंबरातल्या इंदूरच्या पहाटे या गाड्यांचे रुंद टायर लाकडासारखे असतात.

हवेचा विषय निघालाच आहे तर एक सांगतो, कारण तुमच्यासारखे गिऱ्हाईक एजंट लोक बरोबर इथे गाठतात. इंदूर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरवर आहे. इथे हवेचा दाब सहाएक टक्के कमी. तुमच्या दोन्ही गाड्या टर्बोच्या आहेत, म्हणजे इंजिनात हवा दाबून भरणाऱ्या पंख्याच्या; टर्बो थोडा जास्त जोर लावून ती कसर भरून काढतो, म्हणून तुम्हाला चिंता नाही. पण एजंट उद्या म्हणेल, "साहेब, थोडे पैसे वाढवा, केमनची जीटीएस ४.० देतो, सहा सिलिंडर, ४०० घोडे." गाडी अप्रतिम आहे, तिचा आवाज ऐकून मी स्वतः हळवा झालेला माणूस आहे. पण तिला टर्बो नाही, ती आहे ती हवा ओढते. चारशेतले वीस-पंचवीस घोडे मालव्याच्या पठारावर चढतानाच उतरून जातात. मेच्या दुपारी, पारा बेचाळीसवर असताना, हवा आणखी विरळ होते आणि आणखी काही जातात. ती घ्यायची तर आवाजासाठी घ्या, आकड्यासाठी नको.

मोजायचं कसं, हे तू विचारलंस. मी आयुष्याची उमेदीची वर्षं पीथमपूरला गाड्यांच्या टेस्टिंगमध्ये घालवली. स्पोर्ट्स कार कसल्या, छोटे मालवाहू ट्रक. तेव्हा जीपीएस नव्हतं. सायकलीच्या चाकासारखं एक पाचवं चाक गाडीच्या मागे बांधायचो, त्याच्या फेऱ्यांवरून वेग निघायचा, आणि शेजारी बसलेला पोरगा कागदाची पट्टी सांभाळायचा. एकदा आमच्या ट्रकने असा काही टाइम दिला की साहेबांनी सगळ्यांना कचोऱ्या मागवल्या. दुसऱ्या दिवशी एका म्हाताऱ्या फोरमनने विचारलं, "उलटीकडून घेतली का?" नव्हती घेतली. घेतली तर साठपर्यंत जायला पूर्ण दीड सेकंद जास्त. आदल्या दिवशी पश्चिमेचा वारा पाठीशी होता, एवढंच. कचोऱ्या पचल्या होत्या, रिपोर्ट परत लिहावा लागला.

म्हणून कुठलाही आकडा दोन्ही दिशांनी घेऊन सरासरी काढल्याशिवाय मानायचा नाही. उताराचंही तेच. एक टक्का उतार म्हणजे साठ मीटरला साठ सेंटिमीटर. डोळ्याला तो रस्ता सपाटच दिसतो, घड्याळाला मात्र सहा ते आठ शतांश सेकंद मिळून जातात. मोबाइलचं जीपीएस बहुधा सेकंदाला एकदा जागा सांगतं. चार सेकंदांच्या खेळात तुला चार ठिपके मिळणार, त्यातून एक दशांश कसा काढशील? सेकंदाला दहा किंवा जास्त वेळा मोजणारं जीपीएसचं छोटं यंत्र मिळतं, तेच लागतं. आणि मीटरचा व्हिडिओ काढून मोजणारे जे महाभाग असतात, त्यांचं तर बोलूच नको. स्पीडोमीटरने खऱ्यापेक्षा कमी वेग दाखवायचा नाही, थोडा जास्त दाखवला तर चालतो, असा युरोपातला नियम आहे, म्हणून कंपन्या काटा थोडा पुढेच ठेवतात. काटा शंभर दाखवतो तेव्हा गाडी पंचाण्णव-शहाण्णवला असू शकते. तेवढ्यात पाव सेकंद गेला. पाव सेकंद इकडे, पाव सेकंद तिकडे, की तुमच्या ०.८ चं काय उरलं?

आता सुपर कॉरिडॉर.

बायपास नवा होता तेव्हाची गोष्ट. मी आणि माझा एक मित्र, दोघेही टेस्टिंगमधले, दोघांनाही वाटायचं आपल्याला गाडी कळते. पहाटेची वेळ, रस्ता रिकामा, दोन गाड्या शेजारी. रिकामा म्हणजे आम्हाला दिसत होता तेवढा रिकामा. डावीकडच्या कच्च्या रस्त्यावरून एक दूधवाला मोटरसायकलवर वर आला, दोन्ही बाजूंना ॲल्युमिनियमचे कॅन, दिवा बंद. माझा काटा १३० च्या पुढे होता. ब्रेक दाबले, गाडी वळवळली, त्याला धक्का लागला नाही. पण आमच्या टायरचा आवाज ऐकून तो घाबरून आडवा झाला. कॅनचा रस्त्यावर आपटलेला आवाज मला अजून ओळखता येतो, पोकळ, मंदिरातल्या घंटेला कापड गुंडाळल्यासारखा. दूध उताराने माझ्या पुढच्या चाकाखाली आलं. त्याने आम्हाला एक शिवी दिली नाही. उठला, खरचटलेला कोपर बघितला, आणि अंधारात कॅनचं झाकण शोधायला लागला. आम्ही दोघे टेस्टिंगवाले हेडलाइट लावून त्याच्याबरोबर झाकण शोधत होतो. दुधाचे पैसे दिले, त्याने मोजून घेतले, जास्तीचे परत केले. त्या दिवशी कोणाची गाडी पुढे होती, मला आठवत नाही.

शंभरच्या वेगाला एका सेकंदात गाडी २८ मीटर जाते. दिसल्यापासून पाय ब्रेकवर जाईपर्यंत तो एक सेकंद जातोच, आणि मग उत्तम टायरवरही थांबायला चाळीसेक मीटर. वेग दुप्पट केला की ते चाळीस चौपट होतात. सुपर कॉरिडॉरवर पहाटे फिरायला येणारी मंडळी असतात, विमानतळाची टॅक्सी असते, गाई असतात.

कायद्याचंही सांगतो, तुझ्या वहिनीला वाचून दाखव. सार्वजनिक रस्त्यावर शर्यत किंवा वेगाची चाचणी घेणं हा मोटार वाहन कायद्याच्या कलम १८९ खाली गुन्हा आहे: पहिल्या वेळी तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, पुन्हा केलं तर वर्षापर्यंत कैद किंवा १०,००० पर्यंत दंड किंवा दोन्ही. पाच हजार तुम्हाला जड नाहीत, माहीत आहे. म्हणून विम्याची पॉलिसी काढून बघ. गाडी कशासाठी वापरता येणार नाही त्या यादीत रेसिंगच्या जोडीला वेगाची चाचणी हेही स्पष्ट छापलेलं असतं. म्हणजे कुणाला काही झालं, किंवा एक कोटीच्या घरातली गाडी डिव्हायडरवर चढली, तर विमा कंपनीकडे हात वर करायला कारण तयार. आणि एम-टू मामांची आहे. तीही तुझ्या नाही, मित्राच्या मामांची.

"मग नॅट्रॅक्स?" असं तू विचारणार. रोज वर्कशॉपला जाताना मनात आलंच असेल. बरोबर, पीथमपूरचा तो ११.३ किलोमीटरचा हायस्पीड ट्रॅक आपल्या दारात आहे. २०२१ च्या जूनमध्ये उद्घाटन झालं. त्याची वळणं अशी तिरपी बांधली आहेत की ताशी २५० ला गाडी जवळजवळ स्टिअरिंग न फिरवता वळते, आणि ३७५ पर्यंतचा वेग त्या वळणांना पेलतो. तिथे जाऊन गेटवर "भिया, दोन मिनिटं आत सोडा" म्हणता येत नाही. कंपन्या आधी ठरवून, पैसे भरून, हेल्मेट-अँब्युलन्सच्या सगळ्या व्यवस्थेत तो वापरतात. पण खरी हौस असेल तर वाट हीच. रीतसर परवानगीने होणारा ट्रॅक डे किंवा ड्रॅगचा कार्यक्रम शोधायचा, इथे नाही तर ग्रेटर नोएडाच्या बुद्ध सर्किटला, आणि आपल्या गाडीत जायचं. म्हणजे आधी गाडी घ्या, मग मोजा. मोजून गाडी घ्यायची हा तुमचा क्रमच उलटा आहे.

घेण्याआधी जे बघायचं ते शून्य ते शंभर नव्हे. साध्या टेस्ट ड्राइव्हमध्ये, रस्त्याच्या मर्यादेत राहून, तीस ते सत्तर करून बघ. इंदूरमध्ये तू जन्मभर तेच करणार आहेस. विजय नगर चौराह्यावर संध्याकाळी साडेसातला गाडी घाल आणि बघ पाठ काय म्हणते. तुमच्या गल्लीतला तो ब्रेकर, कॉलनीवाल्यांनी रात्रीतून हाताने बनवलेला, त्यावरून दोन्ही गाड्या तिरप्या काढून बघ. मग जाम गेटचा रस्ता धरून महेश्वरला जाऊन या, वेगात नाही, नीट. तिथे तुला कळेल दादा त्या केमनवर का भाळलाय. सव्वातीनशे-साडेतीनशे किलो कमी म्हणजे चार-पाच माणसं उतरवून ठेवल्यासारखं आहे, आणि मधल्या इंजिनामुळे गाडी वळणात तुझ्या कमरेभोवती फिरते असं वाटतं. एम-टू वळत नाही असं नाही, फार छान वळते, पण ती रस्त्याला दम देऊन वळते. माझे पैसे असते आणि घरात इनोव्हा असती, तर मी केमन घेतली असती आणि ०.८ सेकंद धाकट्याला बहाल केले असते.

तुमच्या घराचं गणित वेगळं असेल. केमनला दोनच सीट. आईला उज्जैनला नेलं तर वहिनी घरी, वहिनीला नेलं तर तुझी बायको फुरंगटून. एम-टूला मागे दोन सीट आहेत, पोरांना पुरतील, आईला मात्र पुढची सीट वाकवून मागे जा म्हणायची हिंमत तुझ्यात असेल तर बघ. सामानाचं म्हणशील तर केमनला पुढे-मागे दोन डिक्क्या मिळून ४२५ लिटर, एम-टूला ३९०. हे दादाला अजून माहीत नसावं, नाहीतर त्याने तेच पहिलं सांगितलं असतं. पोर्शेचं अधिकृत सर्व्हिस सेंटर तुमच्या घरापासून किती लांब पडतं ते मात्र आधी फोन करून विचारा, आणि ट्रेलरवर गाडी न्यायचा खर्च वर्षातून एकदा धरा. मुंबईची गाडी म्हणजे तिकडच्या आरटीओची एनओसी, इकडे पुन्हा टॅक्स भरून एमपी ०९ चा नंबर, तोही खर्च किमतीत धरूनच भाव करा.

केमन ठरलीच, तर पोर्शेच्या कॉम्प्युटरवर तिची मेमरी वाचून घ्या. त्यात इंजिन एकूण किती तास चाललं ते निघतं. ओडोमीटरचे किलोमीटर त्या तासांनी भागा. मुंबईच्या गाडीला ताशी पंचवीस-तीस आले तर ठीक. दहा-बारा आले तर मीटरला कुणाचा तरी हात लागलाय, चहा पिऊन परत या.

आणि टायर. बाजूला चार आकडे एका लंबगोलात उठवलेले असतात, पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. २३१८ असं दिसलं तर २०१८ च्या तेविसाव्या आठवड्यातला टायर, गाडीबरोबर आलेला, नक्षी कितीही खोल असली तरी रबर केव्हाच वाळलेलं. असल्या टायरवर ४.९ तर सोडाच, पावसात राऊच्या सर्कलला नीट थांबली तरी नशीब. चारही टायरचे आकडे बघा, मागचे दोन नवे आणि पुढचे जुने असं पुष्कळदा असतं. एजंट म्हणेल "टायर तर नवेच आहेत". तू मान हलव, आणि दादाला खाली वाकून वाचायला सांग.